शिट्टी, रिपोर्ट आणि अंदाज : विज्ञान आपल्याला कुठे भेटतं?



संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो 'दैनंदिन जीवनातील विज्ञान'. हा विषय आमच्या शाळेतही निबंधाला असायचा. सकाळी गजर होतो इथे निबंध सुरू व्हायचा, मग दंतमंजन, स्टोव्ह, एसटी, रेडिओ अशी वळणं घेत रात्री दिवा मालवेपर्यंत यायचा, आणि शेवटी 'विज्ञान शाप की वरदान' असा प्रश्न विचारून संपायचा. आता स्टोव्हच्या जागी गॅस आला, रेडिओच्या जागी मोबाइल आला. निबंध तोच आहे. गेल्या फेब्रुवारीत, 28 तारखेच्या विज्ञान दिनाला, आम्ही एका शाळेत परीक्षक म्हणून गेलो होतो, तिथे हाच निबंध बावीस मुलांनी वाचून दाखवला.

आमची तक्रार अशी आहे की ही वस्तूंची यादी आहे. वाण्याच्या यादीपेक्षा ती फार वेगळी नाही. गिझर वापरला म्हणजे विज्ञानाशी गाठ पडली असं म्हणायचं असेल, तर पोस्टाच्या पेटीत पत्र टाकणारा प्रत्येक माणूस राज्यशास्त्र शिकला असं म्हणावं लागेल. वस्तू चांगली बनली की ती आपल्याला काही विचारतच नाही. बटण दाबलं की दिवा लागतो. विज्ञान त्या भिंतीच्या आत गेलेलं असतं.

मग भेट कुठे होते? आमचं म्हणणं असं की ती तीन-चार ठिकाणी होते, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी ती बिघडलेली असते. ती कशी बिघडते, आणि त्यात आपल्यासारख्या शिकल्या-सवरल्यांचा हात किती, हे आज तपासायचं आहे. पण त्याआधी एक न बिघडलेली भेट सांगतो.

आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात. शाळा चौथीपर्यंत. एकदा घाई होती म्हणून आम्ही कुकरखालचा गॅस मोठा केला. शिट्ट्या भराभर व्हायला लागल्या. तीन झाल्यावर आम्ही म्हणालो, "मावशी, झाली डाळ." त्या म्हणाल्या, "काका, शिट्ट्या झाल्या, डाळ नाही झाली. मोठ्या गॅसवर शिट्ट्या लवकर होतात, डाळ आपल्या वेळेनंच शिजते."

आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. खूण आणि खुणेनं दाखवायची गोष्ट या दोन वेगळ्या असतात, हे सांगायला आम्ही एम. ए.च्या वर्गात दोन तास घ्यायचो आणि तरी निम्म्या वर्गाला कळायचं नाही. मावशींनी ते एका वाक्यात सांगितलं. त्यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. कुकरमध्ये दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 120 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, आणि एकदा वरचं वजन उचललं जाऊ लागलं की दाब त्यापुढे वाढत नाही, म्हणून तापमानही वाढत नाही. ज्योत कितीही मोठी करा, जास्तीची उष्णता वाफेवाटे बाहेर जाते. डाळ शिजते ती त्या तापमानाला ती किती वेळ राहिली त्यावर. शिट्टी हे घड्याळ आहे खरं, पण ज्योतीप्रमाणे मागे-पुढे होणारं. हे 120 अंश मावशींना ठाऊक नाहीत. पण त्यांनी पाहिलेलं आहे, फरक करून पाहिलेलं आहे, आणि आमच्यासारख्या साहेबाला 'नाही' म्हणायची त्यांची तयारी आहे. विज्ञान म्हणून जे काही आहे त्यातला मोठा भाग इथे हजर आहे. फक्त याला विज्ञान म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, आणि निबंधवाल्या मुलांनाही नाही.

'विज्ञान' हा शब्दच आपल्याकडे जरा फिरून आलेला आहे. गीतेच्या सातव्या अध्यायाचं नाव ज्ञानविज्ञानयोग. शंकराचार्य तिथे विज्ञान म्हणजे स्वतःचा अनुभव असं घेतात. शास्त्रातून कळलं ते ज्ञान, अनुभवाला आलं ते विज्ञान. ज्ञानेश्वर वेगळा अर्थ घेतात, प्रपंचाचं ज्ञान ते विज्ञान. पुढे हाच शब्द आपण सायन्ससाठी वापरला. आम्हाला हे दोन्ही जुने अर्थ आवडतात आणि दोन्ही आपण हरवलेत असं वाटतं. आज 'विज्ञान सांगतं' असं आपण म्हणतो तेव्हा ते अनुभवाचंही नसतं आणि प्रपंचातलंही नसतं. ते कुठूनतरी वरून आलेलं असतं, पूर्वी आकाशवाणी यायची तसं.

आता बिघडलेल्या भेटींकडे येऊ. पहिली, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट.

आमच्या पिढीतल्या, म्हणजे साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विज्ञान सगळ्यांत जास्त वेळा भेटतं ते या कागदावर. डावीकडे तपासणीचं नाव, मध्ये तुमचा आकडा, उजवीकडे 'नॉर्मल रेंज'. आकडा रेंजच्या बाहेर गेला की तो ठळक होतो आणि शेजारी एक अक्षर येतं. आमच्या घरात या कागदाने दोनदा घोळ घातला, आणि दोन्ही घोळ एकमेकांच्या उलट आहेत म्हणून सांगतो.

आमच्या वहिनींनी कुठल्याशा सवलतीत 'फुल बॉडी चेकअप' केलं. साठेक तपासण्या. एक आकडा ठळक आला, थायरॉइडचा, मर्यादेच्या जरासा वर. वहिनींचा रात्रीचा फोन : "भाऊजी, माझं काहीतरी निघालंय." निघालंय हा शब्द लक्षात घ्या. विहिरीला पाणी निघतं, घराण्याला दोष निघतो, तसं. तीन महिने त्या बाईंनी कोबी-फ्लॉवर सोडला, लग्नाकार्याला जाणं सोडलं, इंटरनेटवर वाचून वाचून झोप सोडली. तीन महिन्यांनी परत तपासलं तर आकडा मर्यादेत. औषध काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी."

असं का होतं हे त्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून आम्ही इथे सांगतो. ती 'नॉर्मल रेंज' बहुतेक वेळा अशी काढतात की धडधाकट माणसांचा एक मोठा गट घ्यायचा, त्यांचे आकडे मांडायचे, आणि मधले 95 टक्के ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा छापायचा. याचा अर्थ काय झाला? शंभरातले पाच निरोगी लोक व्याख्येनेच पट्ट्याबाहेर. आता एका माणसाच्या वीस तपासण्या केल्या आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं ढोबळपणे धरलं, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता 64 टक्के. साठ तपासण्या असतील तर 95 टक्के. प्रत्यक्षात तपासण्या इतक्या स्वतंत्र नसतात, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल, पण मुद्दा राहतो. साठ तपासण्यांचं पॅकेज घेऊन सगळं नॉर्मल आलं, तर त्याचंच आश्चर्य वाटायला हवं. वहिनींचं काही 'निघालं' नव्हतं. जाळं मोठं टाकलं होतं, म्हणून काहीतरी अडकलं.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे ठळक आकड्याकडे दुर्लक्ष करायचं तर. थांबा. दुसरी गोष्ट त्याच घरातली आहे, आमच्या दादांची.

दादांना मधुमेह होता. दरवर्षी तपासणी व्हायची. त्यात क्रिएटिनिन म्हणून एक आकडा असतो, मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा. एका वर्षी तो 0.8 होता, पुढच्या वर्षी 0.9, मग 1.1, मग 1.2. रेंज 1.3 पर्यंत. चारही वर्षं आकडा साध्या अक्षरात छापलेला. दादा दरवर्षी रिपोर्ट आला की शेवटचं पान उलटून म्हणायचे, "काही ठळक नाही, पास झालो." डॉक्टर बदलले, लॅब बदलल्या, प्रत्येकाने एकच कागद पाहिला. चार कागद शेजारी शेजारी कोणीच ठेवले नाहीत. आम्हीही नाही. आम्ही तर त्यांच्या घरी दर रविवारी जात होतो. एकाच माणसाचा हा आकडा दीडपट झाला, म्हणजे त्याच्या मूत्रपिंडाचं बरंचसं काम कमी झालेलं असू शकतं, मग तो छापील पट्ट्यात असला तरी. हे आम्हाला नंतर कळलं, जेव्हा आकडा ठळक झाला आणि एकदम बराच ठळक झाला.

दादा आता नाहीत. ते त्यामुळेच गेले असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हणायला आमच्यापाशी पुरेसा आधार नाही, हृदयाचंही दुखणं होतंच. पण ते चार कागद एका फाइलमध्ये होते. ती फाइल आम्ही बघितलेली आहे.

पाहा, एकाच प्रकारचा कागद. पत्नीला त्याने खोटी भीती दिली, पतीला खोटा दिलासा. कागदावरचा एकही आकडा चुकीचा नव्हता. यंत्रं उत्तम असणार. चुकलं ते असं की आकडा हातात देताना तो निकालपत्रासारखा दिला, पास-नापास अशा रूपात. आणि आपण आयुष्यभर निकालपत्रं घेतलेली माणसं, आपण तसाच वाचला. शिट्टी झाली की नाही एवढंच पाहिलं. डाळीचं झाकण कोणी उघडलं नाही.

दुसरी जागा हवामानाचा अंदाज. आता इथे पुण्यात हसू येणारच. शिवाजीनगरच्या त्या 'शिमला ऑफिस'ला 1928 पासून पुणेकर हसत आलेले आहेत. हवामान खात्याचं मुख्यालय त्या वर्षी शिमल्याहून पुण्याला आलं, नाव तेवढं शिमल्याचं राहिलं. अंदाज ऐकायचा आणि उलट वागायचं, हा विनोद आमच्या लहानपणीही जुना होता. पण विनोदाला किंमत नसते, कारण पुणेकराचं फार तर छत्री नसल्याने डोकं भिजतं. ज्याचं बियाणं जातं त्याला विनोद सुचत नाही.

2017 च्या जुलैमध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. त्यांचं म्हणणं होतं, चांगल्या पावसाचा अंदाज दिलात म्हणून आम्ही पेरलं, पाऊस आला नाही, पेरणी वाया गेली. बियाणं-औषधवाल्यांशी तुमचं संगनमत आहे. वर्तमानपत्रांनी ही बातमी चटकदार म्हणून छापली. आमच्या एका प्राध्यापक मित्रांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "घ्या, आता ढगांना अटक करा." आम्हीही तेव्हा हसलो. पुढे विचार केला तेव्हा हसल्याची लाज वाटली.

त्या वर्षीचे आकडे बघा. खात्याने एप्रिलमध्ये देशभरातल्या मोसमी पावसाचा अंदाज दिला, सरासरीच्या 96 टक्के. जूनमध्ये तो सुधारून 98 केला, चार टक्के कमी-जास्त धरून. हंगाम संपला तेव्हा देशात पाऊस झाला 95 टक्के. अंदाज बरोबर! आणि मराठवाड्यात जूनच्या सुरुवातीचा पाऊस पडून गेल्यावर ऐन पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, हेही बरोबर. म्हणजे खातंही खरं आणि शेतकरीही खरा. कारण दोघं एका गोष्टीबद्दल बोलतच नव्हते. खातं बोलत होतं चार महिन्यांच्या, केरळपासून काश्मीरपर्यंतच्या, एकत्र केलेल्या पावसाबद्दल. शेतकऱ्याचा प्रश्न होता माझ्या शिवारात पुढचे पंधरा दिवस ओल राहील का. देशाची सरासरी ही कोणाच्याही शेतावर पडत नाही.

तुम्ही म्हणाल, हे शेतकऱ्याला कळायला हवं. का बरं? त्याला ते कळेल अशा रीतीने कोणी सांगितलं? 'यंदा पाऊस सरासरीइतका, बळीराजा सुखावला' हा मथळा शेतकऱ्याने लिहिलेला नाही. आणि परिभाषेचं बघा. बातमीत आपण ऐकतो, 'तुरळक ठिकाणी पाऊस'. आम्ही इतकी वर्षं समजत होतो तुरळक म्हणजे भुरभुर, थोडासा. तसं नाही. त्या शब्दाला खात्यात नेमका अर्थ आहे. त्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस होईल, तर ते 'तुरळक ठिकाणी'. त्याहून जास्त पण पन्नास टक्क्यांपर्यंत, तर 'काही ठिकाणी'. हा शब्द किती जागी ते सांगतो, किती जोरात ते सांगत नाही. म्हणून 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे वाक्य, जे आपल्याला विनोदी वाटतं, ते पूर्ण अर्थपूर्ण आहे. मुसळधारलाही आकडा आहे; चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर झाला की मुसळधार सुरू. मराठी माणसाच्या कानात 'मुसळधार' हा शब्द आहे, मनात मुसळ आहे, आणि खात्याच्या मनात साडेचौसष्ट मिलिमीटर. तिघांची भेट होत नाही. हा अर्थ बातमीच्या कोपऱ्यात एक ओळ म्हणून रोज छापायला जागा लागते ती किती? राशिभविष्याला तर अर्धं पान असतं.

माजलगावच्या तक्रारीत आम्हाला एक गोष्ट मोलाची वाटते. संगनमताचा आरोप बाजूला ठेवा, त्याला काही पुरावा आमच्या वाचनात आलेला नाही. पण त्या शेतकऱ्यांनी अंदाज हे विधान मानलं, ज्याचा जाब विचारता येतो असं विधान. ज्योतिषाचं भविष्य चुकलं म्हणून कोणी पोलिसांत गेल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. तिथे चूक आपल्या नशिबाची, किंवा जन्मवेळ नीट नोंदवली नसल्याची. पॉपर आयुष्यभर जे सांगत होता की जे विधान चुकीचं ठरू शकतं तेच विज्ञानाचं, ते माजलगावकरांनी ठाण्याच्या डायरीत नोंदवायचा प्रयत्न केला. जागा चुकली. प्रश्न चुकला असं आम्ही म्हणणार नाही.

ज्योतिषाचा विषय निघालाच आहे, तर आता आपल्या मंडळींकडे वळतो. म्हणजे विज्ञान सांगणारे, लिहिणारे, अंधश्रद्धेविरुद्ध उभे राहणारे. यात आमचे मित्र आहेत, काही या सभागृहात आहेत, रागावू नये.

21 सप्टेंबर 1995. गणपती दूध प्यायला. इथल्या बऱ्याच जणांना तो दिवस आठवत असेल. ऑफिसं ओस पडली, दूध मिळेना. आमच्या कॉलेजचा शिपाई रांगेत उभा राहून आला आणि म्हणाला, "सर, माझ्या हातानं पाजलं. चमच्यातलं गेलं." त्याला आम्ही काय सांगितलं? 'अरे, ते पृष्ठताण असतं.' तो गप्प बसला. त्या क्षणी आम्हाला वाटलं, पटलं त्याला. आज वाटतं, तो गप्प बसला कारण आम्ही सर होतो. त्याच्याकडे प्रत्यक्ष होतं, आम्ही त्याला एक शब्द दिला. तो शब्द त्याच्या दृष्टीने 'लीला' या शब्दाहून वेगळा कसा असावा? दोन्ही न दिसणारे, दोन्ही मोठ्या माणसांनी सांगितलेले. उलट दिल्लीच्या काही वैज्ञानिकांनी त्या दिवशी काय केलं? दुधात रंग घातला आणि मूर्तीला पाजलं. रंगीत ओघळ मूर्तीवरून खाली उतरताना दिसला. दूध सोंडेला टेकलं की चमच्याबाहेर ओढलं जातं, आणि पातळ थर होऊन दगडावरून घसरतं. पांढऱ्या दगडावर पांढरं दूध दिसत नव्हतं, एवढंच. हे शिपायाला दाखवायला रंगाची एक पुडी लागली असती. आम्ही पुडी आणली नाही, पृष्ठताण आणला.

मराठीत विज्ञानलेखनाची परंपरा लहान नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 मध्ये 'दिग्दर्शन' काढलं तेव्हापासूनची आहे. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून काम करते आहे. तिच्याच विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, परीक्षकांवर नावाचा दाब पडू नये म्हणून. आम्हाला ती कृती कथेहून जास्त आवडते. त्यांच्या विज्ञानकथा आम्ही आवडीने वाचल्या. पण समीक्षक म्हणून एक सांगायला हवं. त्या कथांत बहुतेक वेळा कोणीतरी जाणकार असतो आणि बाकीचे ऐकणारे असतात. ऐकणाऱ्याचा प्रश्न जाणकाराला पुढचं वाक्य बोलता यावं इतपतच असतो. त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळ लेखकांनी ही रचना घेतली, नारळीकरांची शिस्त घेतली नाही. त्यामुळे मराठी विज्ञानलेखाचा एक साचा झाला. आरंभी 'तुम्हाला माहीत आहे का', मध्ये प्रकाशवर्षं आणि अब्जावधी पेशी, शेवटी थक्क होणं. वाचक थक्क होतो आणि पान उलटतो. थक्क झालेला माणूस प्रश्न विचारत नाही. कीर्तनातही आपण थक्क होतोच की.

याच नारळीकरांनी दुसरी एक गोष्ट केली, जी आम्ही वर्गात वारंवार सांगितली. 2008 च्या सुमारास त्यांनी, नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर, फलज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या कुंडल्या, निम्मी मुलं हुशार म्हणून निवडलेली, निम्मी मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या द्यायच्या आणि कुठली कोणाची ते सांगायला सांगायचं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. या चाचणीचा मोठेपणा तिच्या निकालात आहे असं लोक समजतात. आमच्या मते तो निकाल यायच्या आधीच्या दिवसात आहे. त्या दिवशी आकडा सत्तर टक्केही येऊ शकला असता, आणि तो छापावा लागला असता. दाभोलकरांच्या चळवळीने हे ओझं घेतलं म्हणून आम्ही त्यांना मानतो. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात सकाळी त्यांना गोळ्या घालून मारलं, याच शहरात, हे बोलताना आजही जड जातं. तरीही, किंवा म्हणूनच, सांगायला हवं की आज त्यांच्या नावाने होणाऱ्या कित्येक कार्यक्रमांत निकाल आधी ठरलेला असतो आणि प्रयोग मागाहून येतो. लिंबातून रक्त काढून दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात. बुवाच्या जागी कार्यकर्ता आला. मुलं टाळ्याच वाजवतायत.

जाहिरातींवर फार वेळ घालवत नाही. '99.9 टक्के जंतू नष्ट' असं बाटलीवर लिहितात आणि खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात 'प्रयोगशाळेतील चाचणीनुसार'. दहा लाखांतले 99.9 टक्के गेले तरी हजार राहतात, एवढं कोणीही तोंडी करू शकतं. करत नाही. पांढरा कोट घातलेला नट दिसला की गणित थांबतं. यात विशेष असं काही नाही, बाजार हा बाजार असतो.

शेवटचं ठिकाण शाळा. ते मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिथे आम्ही स्वतः आरोपी आहोत.

आमची नात अकरावीला आहे. गेल्या दिवाळीआधी तिला साध्या लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळा बांधायचा, वीस झोके मोजायचे, वेळ घ्यायची, आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर सगळ्या वर्गाला आधीपासून पाठ, 9.8. तिचं आलं 9.4. बाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, "नीट करून आण." नीट कर म्हणजे प्रयोग पुन्हा कर असं नव्हे, प्रयोगशाळेत दुसरी बॅच आली होती. नीट कर म्हणजे रीडिंग जुळव. वर्गातल्या बाकीच्यांनी आधीच जुळवलेलं होतं. 9.8 वरून उलटं गणित करून वेळ लिहायची, मधूनमधून दशांशात थोडा फरक ठेवायचा, म्हणजे खरं वाटतं. ही विद्या आम्हीही याच वयात शिकलो होतो. आमच्या वडिलांनीही शिकली असेल.

नात संध्याकाळी आमच्याकडे आली. "आजोबा, माझं का चुकलं?" आम्ही म्हणालो, बस, बघू या. लांबी एक मीटर, वीस झोक्यांना 41 सेकंद. गणित बरोबर होतं. मग विचारलं, "लांबी कुठून कुठे मोजलीस?" ती म्हणाली, "दोऱ्याची." दोऱ्याच्या गाठीपर्यंत. गोळ्याचा हूक आणि गोळ्याचा अर्धा भाग धरायचा राहून गेला होता. तो पट्टीने अंदाजला तर सव्वातीन सेंटिमीटर. ते मिळवून गणित केलं तर 9.7. ती खुर्चीतून उठलीच. मग तीच म्हणाली की घड्याळाचं बटण दाबायला बोट थोडं उशिरा जातं, सुरुवातीला आणि शेवटी सारखंच जात असेल असं नाही, दोन दशांश सेकंदाचा फरक पडला तरी उत्तर हलतं, कारण वेळेचा वर्ग होतो. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिला वर हेही सांगितलं की पुण्यात खरा आकडा 9.78 च्या जवळ आहे, 9.8 ही पुस्तकाची सोय आहे. रात्रीचे दहा वाजेपर्यंत आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर चमचा बांधून झोके मोजत होतो. तिची आजी दोनदा ओरडून गेली.

मग तिने विचारलं, "वहीत काय लिहू? 9.4 लिहून खाली चूक कुठे झाली ते लिहू का?"

प्रात्यक्षिकाचे गुण बोर्डाच्या निकालात धरत नाहीत अजून, अकरावीच आहे, पण वही त्या बाईच तपासणार होत्या आणि पुढच्या वर्षीही त्याच. आम्ही, म्हणजे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहिलेला माणूस, थोडा वेळ गप्प बसलो आणि म्हणालो, "चांगल्या वहीत 9.8 लिही. कच्च्या वहीत आपलं राहू दे."

तिने आमच्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने चांगल्या वहीत 9.8 लिहिलं, बाईंनी सही केली. कच्ची वही ती आमच्याकडेच विसरून गेली. पुढच्या रविवारी आम्ही तिला म्हणालो, तुझी वही राहिली इथे. ती म्हणाली, "असू दे आजोबा, आता नाही लागणार."

प्रश्न असतील तर घेऊ. समोर माइक आहे.